थरथर नक्की कुणाची?

चि. खटपट्यास,

मावशीचे पोटभर आशीर्वाद. तब्येत कशी आहे, चष्म्याचा नंबर वाढला नाही ना, सूनबाई तुला त्या यंत्रासमोरून उठवून वेळेवर जेवायला घालते ना, हे सगळं मी काळजीने विचारलं असं समज. आम्ही दोघं मजेत आहोत. गेल्या महिन्यात मी हेच वाक्य लिहिलं असतं तर ते निम्मं खोटं ठरलं असतं. आज ते खरं आहे आणि ते तुझ्यामुळे. फोनवर हे बोलता येत नाही, कारण तुझे काका फोन स्पीकरवर टाकून मांडीला मांडी लावून बसतात (आणि मी दोन वाक्यांत आटपलं की “झालं एवढ्यात?” म्हणून वर मलाच विचारतात). म्हणून हा कागदाचा खटाटोप.

त्या आजारपणातून काकांचा उजवा हात वाचला, पण थरथर मागे राहिली. तसल्या हातात करवत कोण देणार? जन्मभर सुतारकाम केलेला माणूस खिडकीशी बसून शेजाऱ्यांच्या दारांची बिजागरं चुकलीत म्हणून कुढायला लागला. मग कारखान्याचे मालक म्हणाले, तुम्ही कॉम्प्युटरवर जिने काढून द्या, लाकूड कापायच्या आधी गिऱ्हाइकांना जिना सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचा असतो. काका ते डाव्या-उजव्या हाताने कसंबसं शिकले, आणि जिना पडद्यावर सरसर फिरावा म्हणून तू नवंकोरं ग्राफिक्स कार्ड पाठवलंस. दुरुस्तीवाल्याने ते बसवलं, जिना माझ्या डोळ्यांदेखत गर्रकन फिरला. आणि दुसऱ्या दिवशी मेला अडायला लागला! फिरायचा, थांबायचा, थरथरायचा, मग उडी मारून भलतीकडेच तोंड करायचा. काकांनी माउसवरचा हात उचलला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “हातच आहे गं.” मग तो हात खिशात घातला आणि मालकांना दुसरा माणूस बघायला सांग म्हणाले. मालक शुक्रवारी जिना बघायला येणार होते. मी त्यांना कळवलं नाही, तुला फोन लावला.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. तू म्हणालास, मावशी, आधी कार्डाचा ड्रायव्हर बघू, म्हणजे कार्डाला काम समजावून सांगणारा तो प्रोग्राम. मी डिव्हाइस मॅनेजरमध्ये गेले (वाटेत तीन नको त्या ठिकाणी जाऊन आले, ते तुला सांगितलं नाही). तिथे कार्डाचं नाव दिसलं आणि खाली लिहिलेलं, हे उपकरण व्यवस्थित चालू आहे. तू तिकडून “वा!” म्हणालास. अरे, कसलं वा! यंत्र नीट चालावं म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात, मी मात्र ते बिघडलेलं निघू दे म्हणून बसले होते. काकांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, बघ, यंत्र ठणठणीत आहे. मग तू ड्रायव्हर काढून पुन्हा घालायला लावलास. पडदा काळा झाला, पडदा उजळला, आणि पुन्हा तेच, व्यवस्थित चालू आहे. सगळ्यात नवा ड्रायव्हर आहे का तेही बघितलं. होता. चांगल्या बातमीचा इतका राग मला जन्मात आला नव्हता.

शेवटी तू म्हणालास, जिना फिरवत ठेवा आणि टास्क मॅनेजरमध्ये बघा कोण किती राबतंय. आणि तेवढ्यात तुझे साहेब आले, तू फोन ठेवलास. मी बघितलं तर दोन नावं. एक यंत्रातलं जुनं, अंगचं ग्राफिक्स, त्याची रेघ छपराला टेकलेली, बिचारं धापा टाकत होतं. दुसरं तुझं कार्ड, त्याची रेघ तळाशी आडवी, काम शून्य. हजेरी लावून कँटीनमध्ये जाऊन बसणारे महाभाग मी नोकरीत पुष्कळ पाहिलेत. आणि नोकरी कुठली, तर टेलिफोन एक्स्चेंजची! लाइन ठीक, दोन्हीकडची माणसं घरात, तरी आवाज पोचत नाही, तर ऑपरेटर काय बघते? दोरी कुठल्या भोकात आहे ते. मी तशीच टेबलाखाली शिरले (शिरणं सोपं, निघणं हा वेगळ्या पत्राचा विषय आहे). पडद्याची केबल वरच्या जुन्या भोकात! आणि खाली तुझ्या कार्डाच्या एकूण एक भोकांवर काळ्या प्लास्टिकच्या टोप्या, अशा घट्ट की नखाने निघेनात. इतकं चोख बसवणारा या घरात एकच माणूस आहे.

चौकशी केली. खिडकीचा उजेड पडद्यावर येतो म्हणून काकांनी टेबल फिरवलं होतं, सगळ्या वायरी काढून परत लावल्या होत्या. त्यात दुरुस्तीवाल्याने काढलेली टोपी सापडली, ती त्यांनी कार्डाच्या उघड्या भोकावर बसवली आणि केबल वरच्या भोकात घातली. “उघडं भोक तसंच कसं ठेवायचं?” असं मलाच विचारतात! जन्मभर स्क्रूची भोकं बुजवली, कार्ड तरी कसं सुटेल. मी चिमट्याने टोपी उपटली, केबल लावली आणि टेबलाखालून हाक मारली, मला काढा. काकांनी खिशातला उजवा हात काढून पुढे केला. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मग जिना फिरला. न अडखळता, कठड्यासकट, वरून, खालून, हवा तसा. माउसवरचा हात थरथरतच होता रे, जिना मात्र नाही. काका तो फिरवत राहिले आणि एकदम ओरडले, “ही पायरी जाड झालीय, कुठल्या गाढवाने काढली?” ते गाढव तेच. मला रडूच आलं. शुक्रवारी मालकांनी जिना पसंत केला, आता कपाटांचंही विचारतायत.

बाळा, तू कार्ड पाठवलंस, आणि माझा माणूस मला परत मिळाला. तुझे उपकार मानायला मला दुसरे शब्द येत नाहीत.

तुझी,
मावशी

ता. क. उरलेल्या टोप्या काढू देत नाहीत. मीही नाद सोडला.

ता. क. आता खरं काम. काल काकांनी विचारलं, हात थरथरतो तर जिना का थरथरत नाही? ते कार्डच माझी थरथर झाकून घेत नसेल ना? हे ते तुला विचारणार आहेत. कार्ड तसलं काही करत नसेल तर नाही म्हण. करत असेल तरी नाहीच म्हण. आणि खरं काय ते मला मुळीच कळवू नकोस. मला विचारलं, तर “मला माहीत नाही” असं खरंखरं म्हणता यायला हवं.