जाणाऱ्याचं रेटिंग

१० फेब्रुवारी
फ्रँकफर्टच्या मुख्य कचेरीचा निरोप आला. दरवर्षीचाच — विभागातल्या एकाला तळाचं रेटिंग द्यायचंच. सगळ्यांनी जीव तोडून काम केलंय, हे सांगून उपयोग नाही. त्यांची ती घंटेच्या आकाराची आकृती ठरलेली. तिच्यात माणसं बसली पाहिजेत!

सगळे म्हणतात, कोटेश्वररावांना द्या. बायपासनंतर त्यांचा वेग कमी झालाय, खरंय. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाला असलं रेटिंग घेऊन अख्ख्या हैदराबादेत कोण दारात उभं करील?

१३ फेब्रुवारी
आमच्याकडे एक जुनी पळवाट आहे. जो नोकरी सोडून जाणार असेल त्याच्या माथी तळाचं रेटिंग मारायचं. त्याचं फारसं बिघडत नाही, राहणारे वाचतात. म्हणून फेब्रुवारी आला की मॅनेजर मंडळी एकदम प्रेमळ होतात, एकेकाला चहाला नेतात. मीही नेते. "मग, पुढचा काय विचार?" आणि फेब्रुवारीत कुणीही खरं बोलत नाही! "मॅडम, मी तर इथूनच रिटायर होणार." गेल्या महिन्यात रुजू झालेलाही हेच म्हणाला. हसायचंही त्राण नव्हतं.

१७ फेब्रुवारी
हिमबिंदू खरं बोलली. तिचं इथलं पहिलंच वर्ष, कुणी सावध केलं नसावं. इराणी चहात उस्मानिया बिस्कीट बुडवत म्हणाली, "यांना मेलबर्नला नोकरी मिळतेय मॅडम. मिळाली की आम्ही जाणार. कुणाला सांगू नका हं!"

कुणाला नाही सांगितलं. फक्त रेटिंग भरलं. हायसं वाटलं. लाज नंतर वाटली, जेवताना.

२ मार्च
यंदा तळाचं रेटिंग म्हणजे थेट घरी. महिनाअखेर. फ्रँकफर्टच्या बाईंनी पडद्यावरून हसतमुखाने सांगितलं. ठीक आहे, हिमबिंदू जाणारच आहे... असं स्वतःला समजावतेय.

४ मार्च
मेलबर्नचं फिसकटलं.

हिमबिंदू स्वतःच सांगत आली. नवऱ्याने घाईघाईत इथला राजीनामाही देऊन टाकलाय. "आता घर माझ्याच पगारावर, मॅडम. पण बरंच झालं, तुमच्या हाताखाली शिकेन तरी!" वर गुंटूरहून आईने पाठवलेलं गोंगुऱ्याचं लोणचं दिलं. मी घेतलं. घेतलं!

९ मार्च
शेषगिरी सरांच्या खोलीत गेले. विभाग त्यांचा, शेवटचा शब्द त्यांचा. म्हटलं, हिमबिंदूचं बदला, ती जात नाहीये.

"बदलतो की. मग कोण? कोटेश्वरराव?"

मी नकारार्थी मान हलवली.

"रत्नमालागारू, मला एक नाव पाठवायचंय हो. कोणतंही एक. हवेतून आणू का?"

रडू येईल असं वाटलं. त्यांनी चहा मागवला. आवाज एकदम मऊ झाला. "फार थकलेल्या दिसता. सोडून द्यावं सगळं, असं नाही वाटत कधी?"

"रोज वाटतं, सर."

किती दिवसांनी कुणीतरी मायेने विचारलं! बोलतच सुटले — राजमंड्रीचं घर, गोदावरीचा वारा, दुपारची झोप. फ्रँकफर्टचा फोन नको, काही नको. सर मान हलवत ऐकत होते. आणखी एक चहा पाजला. म्हणाले, "बघतो हिमबिंदूचं काय करता येतं ते." भला माणूस. इतकी वर्षं उगाच नावं ठेवली.

१९ मार्च
उगादी. पचडीपुरता कडुनिंबाचा मोहर आणला, बोब्बट्लूंसाठी पुरण नाही शिजवलं. अंगात जीवच नाही. घरात कुणी कुरकुरलं नाही, तेवढंच.

२४ मार्च
हिमबिंदू नाचत आली. रेटिंग चांगलं आलंय! कोटेश्वररावही वाचले. "मॅडम, सरांना सांगितलंत तरी काय तुम्ही?"

माझं पत्र तासाभराने आलं. तळाचं रेटिंग. कारण — स्वतःच सोडण्याच्या विचारात.

खरं तेच सांगितलं होतं गं, हिमबिंदू. फेब्रुवारी संपला असं समजून.