सोडायची गाठ पुढच्या रविवारी

ती. मावशी,

ज्या मुलांना आठवडाभर दोन-दोन पालक असतात, त्यांच्या पालकांना रविवारी सकाळी नेमकं होतं तरी काय? या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. (घरातली पहिली पदवीधर अशी तू माझी ओळख करून देतेस, ते जरा थांबव.) असो. आधी करायचा नमस्कार आता करते. गुडघा कसा आहे? मागचं अंगण अजून तसंच मोकळं आहे ना?

इकडे माझं बालमंडळ जोरात आहे. दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी चौदा मुलं येतात, म्हणजे आणून टाकली जातात. गाडी थांबते, दार उघडतं, मूल बाहेर पडतं आणि "ताई, काही लागलं तर हक्काने सांगा हं!" हे वाक्य संपेपर्यंत गाडी वळणावर पोचलेली असते. एकदा मी खरंच हक्काने सांगितलं. तर एक वडील म्हणाले, "मला मुलांची सवय नाही हो." त्यांची तिघं मंडळात आहेत.

अपवाद एकच, औषधवाले काका. 'नाही' म्हणणं त्या बिचाऱ्यांना जमतच नाही. मी मुलांना कबूल केलं होतं की एक रात्र तंबूत राहायचं, पण तंबू तुमचे तुम्हीच उभारायचे. म्हणून दोरीच्या गाठींचा अभ्यासक्रम आखला. (शिक्षणात क्रमाला महत्त्व आहे, हे माझं मत तू अनेकदा जांभया देत ऐकलं आहेस.) पहिल्या रविवारी गाठ बांधणे, दुसऱ्या रविवारी सोडणे. सरावाला खांब हवा होता आणि हॉलला खांबच नाही. काका आपण होऊन मधोमध उभे राहिले. मुलांनी इतकं मन लावून काम केलं की मला भरून आलं. मग काका म्हणाले, "वा, छान! सोडा आता, दुकान उघडायचंय." मुलं माझ्याकडे बघायला लागली. सगळ्यांत धाकटी, जिला आम्ही मुंगी म्हणतो, तिने त्यांची समजूत घातली, "काका, सोडायचं पुढच्या रविवारी आहे."

मला तरी कुठे येत होतं! मीही पुस्तकातला तेवढाच धडा वाचून आले होते. शेवटी खालून नर्सबाई प्लास्टर कापायची कात्री घेऊन आल्या. काका त्या दिवशी गेले ते गेलेच. रस्त्यात मंडळाचं पोर दिसलं की हात खिशात घालून चालतात.

बाकी सगळं उत्तम. तब्येतीला जप.

तुझी भाची
(तूर्त एवढीच ओळख पुरे)

ता. क. : हॉलवाले म्हणतात, मुक्कामाला मोठी माणसं दोन हवीत, आणि रात्रीसाठी हॉलही मिळणार नाही. उसने आणलेले तंबू उद्या परत करायचे आहेत. मुंगी तर पिशवी भरून उशाशी घेऊन झोपते. आता माघार घेतली, तर 'हक्काने सांगा' म्हणून पळणाऱ्यांत माझी भर पडेल. तू इतकी वर्षं बसमध्ये कंडक्टर होतीस. तुझ्या एका "चला, पुढे सरका!"ने भरलेली बस हलायची. चौदा पोरं म्हणजे तुला निम्मीसुद्धा गाडी नाही.

ता. ता. क. : "विचार करून कळवते" असं तू लिहिशील आणि गुडघा पुढे करशील, म्हणून पत्र टपालात टाकलं नाही. ज्या चिमुरडीने ते आत्ता तुझ्या हातात दिलं, तीच मुंगी. बाकीची तेरा, तंबू आणि मी फाटकाबाहेर उभे आहोत. तुझी सवय आहे, मोजून घे. आम्हाला सोडणाऱ्या गाड्या केव्हाच गेल्या.