कललेल्या खांबांखालून न जाणाऱ्या केवळाबाईंबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी साहेब,
पथकर व सुशोभीकरण कक्ष,
लातूर.

अर्जदार : शकिला जिलानी शेख, खानावळ चालक, लातूर.

विषय : सांगवी फाटा टोलनाक्याची कडेची, छत नसलेली लेन एका बाईसाठी खुली करण्याबाबत.

संदर्भ : माझ्या पहिल्या अर्जास आपण दिलेले उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सादर करते की, मी क्लासेसच्या भागात मुलांची खानावळ चालवते. डॉक्टर होण्यासाठी किनवट, उदगीरकडून आलेली लेकरे माझ्याकडे जेवतात. भाजी मी करते. भाकरी केवळाबाई नरसिंग माने करतात. त्या माझ्या नोकर नाहीत, भागीदार आहेत, आणि मी त्यांना अक्का म्हणते.

१. अक्का औसा तालुक्यातील एका पुनर्वसित गावात राहतात. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचे मालक व थोरली लेक दगडी भिंतीखाली गेले. शासनाने दिलेल्या पक्क्या घरात त्या ज्वारी ठेवतात आणि स्वतः बाहेर पत्र्याखाली झोपतात. एवढे सोडल्यास त्यांची कशाबद्दल तक्रार नसते. पहाटेच्या एसटीने त्या लातूरला येत व संध्याकाळी परत जात.

२. त्यांच्या वाटेवरचा सांगवी फाट्याचा नाका पूर्वी साध्या पत्र्याचा होता. त्याबद्दल कोणाची हरकत नव्हती. पुढे आपल्या कक्षाने त्याला ‘मराठवाड्याची ओळख’ करण्याचे ठरवले. आता तेथे काळ्या दगडाचे कललेले खांब आहेत, वर भेग पडलेली तुळई आहे आणि तिच्यावर उघडे पुस्तक आहे. खांब म्हणजे भूकंप व पुस्तक म्हणजे शिक्षणातील भरारी, असा खुलासा फलकावर आहे. काम उत्तम झाले आहे याबद्दल वाद नाही. सगळे आत्ताच कोसळणार असे पाहणाऱ्याला खरोखर वाटते. अक्कांनाही तसेच वाटले.

पहिल्याच दिवशी त्यांनी नाक्याच्या अलीकडे बस थांबवली, उतरल्या आणि नाल्यातून, शेताच्या कडेने पलीकडे गेल्या. तोवर बस निघून गेली होती. त्या माझ्याकडे पोहोचल्या तेव्हा मुले उपाशीच क्लासला गेली होती. मी विचारले तर म्हणाल्या, “शकिला, ते खांब पडता पडता थांबलेत. मी खाली असताना त्यांना याद आली म्हंजे?” याचे उत्तर आपल्या कक्षाकडे असल्यास कळवावे.

३. नाक्याचे व्यवस्थापक श्री. गुरुबसप्पा यांनी डोळ्यांवर पदर घेऊन जाण्याचा सल्ला दिला. अक्कांनी तोही करून पाहिला. त्या दिवशी त्यांना एकही भाकरी थापता आली नाही.

त्यानंतर माझा मुलगा यासेर याच्या लक्षात आले की, जादा रुंद वाहनांसाठी कडेला एक लेन आहे आणि तिच्यावर छत नाही. त्याने टेम्पोत दोन्ही बाजूंनी बाहेर येईल असा कडबा भरला व मध्ये अक्कांना बसवले. काही दिवस छान गेले. अक्का येत, केसांतला कडबा झटकत आणि चुलीपुढे बसत. मग कॅमेऱ्यात कडब्यातून हात बाहेर आलेला दिसला आणि टेम्पो अडवण्यात आला. श्री. गुरुबसप्पा माणूस वाईट नाहीत. ते म्हणाले, “भाभी, मला बी कळतंय. पर नियमात गाडीची रुंदी लिवलीय, माणसाचं काय बी लिवलं न्हाई.”

४. माझ्या पहिल्या अर्जावरून आपण नाक्याची रचना करणाऱ्या साहेबांना पाठवलेत, याबद्दल आभारी आहे. साहेब तरुण व नम्र होते. त्यांनी अक्कांना समजावले की, हे पडणे नसून पडून पुन्हा उठणे आहे. अक्कांनी वर बघून विचारले, “बाळा, उठलेलं कंचं हाय? बोटानं दाव.” साहेबांनी पुस्तक दाखवले. अक्कांना वाचता येत नाही, तरी पुस्तक चांगले आहे असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, “घर पडताना कधी बघितलास का?” साहेब म्हणाले, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मग त्यांनी गाडीतली पाण्याची बाटली अक्कांना दिली आणि त्यांच्यासोबत नाल्यातून पलीकडे चालत आले. त्यांचे बूट खराब झाले.

५. यानंतर आपले उत्तर आले. त्यात नमूद आहे की, ‘वास्तूचा हेतू भावना जागृत करणे हा असून सदर महिला खाली उतरून पायी जात असल्याने तो सफल झाला आहे.’ सोबत आपली रंगीत पुस्तिका आली. तिच्यात अक्कांचा फोटो असून खाली ‘भूकंपस्मृतीस अनवाणी वंदन करणारी ग्रामीण महिला’ असे छापले आहे. चपला त्यांनी नाल्यातील चिखलामुळे हातात घेतल्या होत्या.

त्यांच्या गावच्या आणखी काही म्हाताऱ्या आता तेथे उतरतात. फोटो काढणारी मंडळीही उतरतात. आपण सर्वांची एकत्र मोजणी करून ‘वंदनपथ’ मंजूर केल्याचे कळले. फरशी चांगली आहे. मात्र हा पथ खांबांखालूनच जातो.

६. मृगाच्या पावसात नाल्याला पाणी आले आणि अक्का त्यात घसरून पडल्या. पाय मुरगळला. तेव्हापासून त्या गावीच असतात. भाकरी तिथेच करतात व यासेर त्या खांबांखालून घेऊन येतो. मुलांची तक्रार नाही. मी मात्र इतकी वर्षे कोणाशी तरी बोलत भाजी चिरली आहे. आता समोरचा पाट रिकामा असतो.

तरी विनंती की, खांब आहेत तसे राहू द्यावेत, पुस्तकही राहू द्यावे. फक्त केवळाबाई बसलेल्या वाहनास कडेची लेन मोकळी करावी. तसेच हे प्रकरण निकाली काढताना ‘भाकरी वेळेवर पोहोचत आहेत’ असा शेरा मारू नये. भाकरी पोहोचतात. बाई पोहोचत नाही.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत, नम्र,

शकिला जिलानी शेख
लातूर, दि. १८ जुलै २०२२