वीज आल्यावर कीर्तन आपोआप उठावे म्हणून

प्रति,
मा. प्रशासक,
नादब्रह्म सार्वजनिक वाचनालय,
ईट, ता. भूम, जि. धाराशिव

विषय : कीर्तनांचा जावा सर्व्हर संगणकाची लिनक्स प्रणाली सुरू होतानाच सेवा म्हणून चालविण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपली तोंडी सूचना, "कुठला तरी एक मार्ग ठरवा आणि लेखी द्या."

महोदय,

वाचनालयाच्या संगणकावरून गावोगावची कीर्तने लोकांना मोबाइलवर ऐकविली जातात. ते सांभाळणारा अर्जदार एकटा जीव. पत्नी सत्यभामा गेल्यापासून घरी चूल एका माणसाची. वीज गेली की कीर्तने पुरविणारा सर्व्हर पडतो, आणि वीज आली तरी उठत नाही.

सर्व्हर सुरू करण्याची आज्ञा सध्या अर्जदाराच्या लॉगिनला जोडलेली आहे. तो आत आला तर कीर्तन उभे राहते, लॉगआउट होताच बसते. परवा शिपाई हणमंतप्पा यांनी "फुकट कशाला जळतंय" म्हणून लॉगआउट केले, आणि बुवा अर्ध्या चरणात गप्प झाले.

नेमल्या वेळी कामे चालविणाऱ्या क्रॉनमध्ये 'यंत्र उठताच चालव' अशी ओळही टाकून पाहिली. सर्व्हर कीर्तनांची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसच्या आधी उठतो, आपटतो, आणि पडलेल्याला कुणी उचलत नाही. मृदंग लागण्याआधी कोणी निरूपणाला उभे राहते काय?

उरला सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्सच्याच कारभाऱ्याच्या, सेवेचा मार्ग. डेटाबेस तयार होईतो ती थांबते, सर्व्हर पडला तर पुन्हा उठविते, वेगळ्या, कमी अधिकाराच्या खात्यावर चालते. अर्जदार असो वा नसो. हाच मार्ग ठरविला आहे. ती बसविण्यास लागणारा मुख्य खात्याचा पासवर्ड मात्र आपणाकडे आहे.

आणखी एक नमूद करणे भाग आहे. कीर्तन बंद पडले की अर्जदारास फोन येतात. परंड्याच्या निवृत्त शिक्षिका फरिदाबी विचारतात, "काय योगीराजभाऊ, बुवा पाणी प्यायला गेले का?" नळदुर्गच्या ढाब्यावरून धोंडीबा ओरडतात, "आवं, भाकरी थापायला हात उठंना, लावा की!" मग दोघेही, जेवलात का, म्हणून पुसतात. कीर्तन सुरळीत असले की फोन मुका. सेवा बसल्यावर तो मुकाच राहील, हे अर्जदार जाणून आहे. तरी देवाचे नाव आपल्या एकटेपणाच्या खुंटीला बांधून ठेवणे बरे नव्हे.

सबब सेवेस परवानगी द्यावी. आणि मोबाइलवर उघडणाऱ्या कीर्तनाच्या पानाच्या तळाशी 'बंद पडल्यास योगीराज यांना फोन करा' असे आहे, त्यातील 'बंद पडल्यास' एवढे शब्द काढण्यास मंजुरी द्यावी, ही विनंती.

उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
योगीराज वीरप्पा शेटे
ईट, दि. १२ ऑगस्ट २०२५

सोबत : सेवेच्या फाइलीची छापील प्रत.