शून्य धरलेली चिंच

दिंद्रुड,
१२ मे २०१९

ती. मल्लिनाथअण्णास,

शिवकांताचा शरणार्थ. वहिनी, मुलं मजेत असतील. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. सोलापुरात नळाला पाणी येतं का? इथे टँकर आला तर आला.

मी कामासाठी आलेय. काम ऐकून हसशील. आपल्या कारखान्याने वीज करून विकायला घेतली, तेव्हापासून आजवर त्या चिमणीतून किती कार्बन डायऑक्साइड गेला असेल, त्याचा अंदाज काढायचा. धूर केव्हाच उडून गेला आणि मी मापं घेऊन त्याच्यामागे फिरतेय. पुण्याच्या ऑफिसला वाटलं, गावची पोरगी, हिला माहिती पटकन मिळेल. इथे जो तो आधी विचारतो, 'भाऊ येतो का गं?' उत्तरं देऊन देऊन जीव शिणला.

चांगल्या वर्षांचं सोपं आहे. ऊस गाळला की भुसा निघतो, तोच जळतो. घोळ आहे दुष्काळाच्या सालाचा. ऊस नव्हता, भुसा संपला, मग कोळशाचे ट्रक आले आणि सभासदांनी लाकूड आणून टाकलं. किती, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. भट्टीवरच्या जुन्या माणसांना विचारत सुटले, आणि शेवटी आपल्या अप्पांनाही विचारावंच लागलं, तेही भट्टीवरचेच.

आधी म्हणाले, आठवत नाही. मग आपणहून बोलले. "चेअरमन म्हणले, कारखाना आपलाच हाय, भट्टी इझू द्यायची न्हाई. मी बी सभासद. आपली चिंच दिली. माझ्याच पाळीत जळली."

आपण आईला जिच्या सावलीत माती दिली, ती चिंच. अप्पांनी ती तोडली म्हणून तू घर सोडलंस. ती त्यांनी स्वतःच्या हाताने भट्टीत घातली, हे मला माहीत नव्हतं रे.

"मग तिचा धूर किती लिवला?" त्यांनी विचारलं. मी नियम सांगितला. कोळशाचा धूर धरायचा, लाकडाचा नाही. झाडाने हवेतून घेतलं तेच हवेत परत गेलं, नवं झाड आलं की ते पुन्हा घेईल. म्हणून शून्य. मला वाटलं, ऐकून त्यांना हलकं वाटेल.

ते धडपडत उठून बसले. "तिथं नवं कुठं आलंय? मल्ल्या ज्या झाडापायी गेला ते शून्य? लिव काहीतरी."

"नियम आहे, अप्पा."

"असंल. मी तोडलंय म्हणून लिव."

मी लिहिलं नाही. तक्त्यात शून्यच गेलं. तुझा राग मला कधी खोटा वाटला नाही, अण्णा. आईच्या समाधीपाशी उन्हात उभं राहिलं की मलाही रडू येतं.

वर तुम्हा सगळ्यांची खुशाली विचारली, अप्पांची सांगायची टाळली. बीडच्या डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलंय. जेवण नावापुरतं. परवा आईशेजारची जागा दाखवून म्हणाले, "ऊन लागंल, पन चालंल." तुझं नाव घेत नाहीत, पण फाट्यावर एसटी थांबली की मान वळवतात.

तू मातीला येशील, मला माहीत आहे. मातीला सगळं गाव येईल. तू आत्ता ये. भांड, तोंडाला येईल ते बोल, पण त्यांना ऐकू येतंय तोवर ये.

अप्पांच्या उशाशी बसलेली,
तुझी शिवकांता