गाडीला बांधलेली घंटी

अंगद,
चोरासारखा येतोस अन् चोरासारखा जातोस. जुन्या टेम्पोचा आवाज कोपऱ्यावरूनच यायचा, की मी तवा ठेवायची. ही बॅटरीची पिकअप मांजरावानी दारात येती. काल मी आत पीठ मळीत व्हते, तवर तू शेंद्र्याला परत गेला बी.

गाडीला निळा रंग दिलास, मागं 'आईचा आशीर्वाद' लिहून घेतलंस. आईला मातर ते शेजारच्या हसीनानं सांगितलं.

मी पिशोरला तुझ्या बहिणीकडं चालले, परवा येईन. दुरडीत भाकरी हायेत. राती तू येऊन झोपलास, तवा तुझ्या बाच्या म्होरक्या मेंढीची घंटी पिकअपला म्होरून बांधलीय. सोडू नको.

मेंढरं बी घरी आली की कळायचं, लेका. तूच लई मुका निघाला.