बदली सभासदाची तीन मतं

ट्रीझेनबर्ग, सोमवार दुपार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या एंगेलबर्टचा दंडवत. तुझी कंबर कशी आहे? दाजींचा गुडघा ऑपरेशननंतर वाकायला लागला का? (लागला असेल तर त्यांना म्हणावं, घाई करू नका. घाईने काय होतं ते मी पुढे लिहितोच आहे.) इकडे आम्ही सगळे ठणठणीत. जूनमधल्या त्या मतापासून रोझविता नवऱ्याशी बोलते, पण नगरपालिकेतून नोटीस यावी तसं बोलते. काल तिने केसक्न्यॉप्फले, आपले पिठाचे उकडलेले गोळे, केले होते, वर भरपूर चीज, बाजूला सफरचंदाचा गर. माझ्या ताटात गर वाढायचा राहिला. राहिला की राहू दिला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

दाजींचा निरोप पोचला. सप्टेंबरपासून ते संसदेतली जागा सोडणार, आणि त्यांचा पहिला बदली सभासद म्हणून ती माझ्याकडे येणार. वाचून छाती फुगली हे तुझ्यापासून लपवत नाही. अख्ख्या देशात पंचवीस खुर्च्या, त्यातली एक घरं तापवायच्या टाइलच्या शेगड्या बांधणाऱ्याला! पण मग मी कारखान्यात गेलो आणि छाती जागेवर आली. माझ्याकडे दोन गवंडी आहेत. मी खाली राजधानीत, फाडुत्सला जाऊन बसलो की त्या दिवशी टाइलचं माप घ्यायला कोणी नाही, गिऱ्हाइकाशी बोलायला कोणी नाही. बैठकीचा भत्ता मिळतो, मान्य. पण बैठकीआधी जो कागदांचा गठ्ठा घरी येतो (मागच्या वेळी मी तो मापाच्या काट्यावर ठेवला, सव्वातीन किलो भरला), तो वाचण्यात जे दिवस जातात त्यांचं काय? मी नाही म्हटलं तर जागा दुसऱ्या बदलीकडे, वकील हुगोकडे जाईल. हुगो वाईट माणूस नाही. तो संसदेत बसला तरी त्याची कचेरी चालू राहते, एवढाच त्याच्यात आणि माझ्यात फरक. पण त्याच फरकामुळे त्याला वाटतं की वरच्या वस्तीतल्या पोरांची शाळा बंद केली तरी चालेल, बस आहे की. फेब्रुवारीत त्या थांब्यावर तो कधी उभा राहिलेला नाही. असे पंचवीसच्या पंचवीस हुगो संसदेच्या गोल टेबलाभोवती बसले तर काय होईल, याचा मी हल्ली फार विचार करतो.

म्हणून जूनमध्ये दाजी दवाखान्यात असताना त्यांच्या जागी मी बसलो आणि नेमका सभासदांचे भत्ते वाढवायचा कायदा मतदानाला आला, तेव्हा मी 'हो'चं बटण दाबलं. पटलं म्हणून दाबलं, असं मी तुला छातीठोकपणे लिहिलं असतं. पण खरं सांगू? डावीकडचे बघत होते, उजवीकडचे बघत होते, आणि घाईत बोट गेलं. फलकावर तेरा विरुद्ध बारा. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तेव्हा उठून दोन वाक्यं बोलायला हवी होती. शेगडीवाल्याला इथे बसायचं असेल तर त्याचा दिवस भरून निघाला पाहिजे, एवढंच. मी पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी बेकरीत पाव आणायला गेलो. तू आपला देश जाणतेस. इथे राजेसाहेबसुद्धा दुकानात भेटतात, मग मला कोण सोडणार? बेकरीवालीने पाव कागदात बांधता बांधता विचारलं, "एंगेलबर्ट, पावाचे पैसे तू देणार की आम्हीच देऊ?" मागे रांगेत सात माणसं, त्यातल्या पाच जणांच्या घरी मी बांधलेली शेगडी. सगळी हसली. मीही हसलो.

पण खरी फजिती जुलैतल्या एका शनिवारी झाली. आपली क्रेसेन्झ आत्या (ब्याऐंशी वर्षांची, आणि अजून डोंगर चढून येते) कारखान्यात हजर. हातात सह्यांचा तक्ता. महिनाभरात एक हजार सह्या जमल्या की संसदेचा कायदा लोकांसमोर मतदानाला न्यावाच लागतो, आणि आत्याने एकटीनेच आमची सबंध डोंगरबाजू पिंजून काढली होती.

"सही कर," ती म्हणाली.

"आत्या, अगं तो कायदा माझ्याच मताने झालाय!"

"ठाऊक आहे. म्हणून तर पुरून उरतील एवढ्या सह्या झाल्या तरी तुझ्याकडे आले. कर मुकाट्याने, हात मळके असले तरी चालतील."

ताई, मी सही केली. तिने लहानपणी मला न्हाऊ घातलंय, तिच्यासमोर मला नकार सुचत नाही. त्यानंतरच्या सोमवारी नगरपालिकेतून हिल्डेचा फोन. सह्या खऱ्या मतदारांच्या आहेत का हे तपासायचं तिचं काम. "एंगेलबर्ट, हा तूच का?" मी म्हटलं, मीच. मग तिने बराच वेळ नियमांचं पुस्तक चाळलं आणि म्हणाली, "आपल्याच कायद्याविरुद्ध सही करू नये असं कुठे लिहिलेलं दिसत नाही. बहुतेक कोणाला सुचलं नसेल." सही ग्राह्य धरली.

लोक म्हणतात, छोटा देश, सगळे ओळखीचे, किती छान! छान आहेच. पण जिथे प्रत्येक चेहरा ओळखीचा, तिथे स्वतःचं मत सांभाळणं जड जातं. मोठ्या देशात सभासद हजारो अनोळखी लोकांना नाराज करतो आणि शांतपणे जेवतो. मी नाराज केलेली माणसं माझ्याच टेबलावर जेवतात. मला याची लाज वाटते, ताई.

असो. दाजींना नमस्कार. कंबर शेकत जा.

तुझा,
एंगेलबर्ट

ता. क. मतदान येत्या रविवारी. सह्यांच्या तक्त्यावर तुझंही नाव होतं, असं हिल्डेकडून कळलं. राग नाही. पण मताचं पाकीट अजून पोस्टात टाकलं नसलंस तर वरच्या शाळेचा एकदा विचार कर आणि कायद्याला 'हो' लिही. तू कोणाचं तोंड बघून काही करत नाहीस.

ता. क. २ चौऱ्याऐंशी साली बायकांना मताचा हक्क द्यायचा की नाही हे आम्ही पुरुषांनी ठरवलं, तेव्हा बाबा गुत्त्यात टेबल बडवून 'नाही' म्हणाले होते. पेटीत मात्र तुझ्यासाठी 'हो' टाकून आले. जाण्याआधी त्यांनी हे फक्त मला सांगितलं. देशभरात जेमतेम सव्वाशे मतांनी जमलं होतं ते.

ता. क. ३ माझं पाकीट गेलं. रोझविता समोर बसली होती. मी 'नाही' लिहिलं.